कोयनेल, आयावास्का आणि रानातले जाणते



आपल्या घरातल्या एखाद्या वयोवृद्ध माणसाला 'कोयनेल' हा शब्द विचारून पाहा. शब्द कानावर पडताच त्यांचे तोंड कडू होईल. पावसाळा सरता सरता गावोगाव हिवताप यायचा. भर दुपारी हुडहुडी भरायची, चार गोधड्या अंगावर टाकल्या तरी दात वाजायचे, मग अंग फणफणायचे, आणि शेवटी घाम फुटून माणूस गळून जायचा. एक दिवसाआड, ठरल्या वेळी, पुन्हा तेच. त्या तापावर उतारा एकच होता, तो म्हणजे कोयनेल, इंग्रजीतले क्विनाइन. बंगालमध्ये १८९२ सालापासून पोस्टाच्या कचेरीत एका पैशाला एक पुडी या हिशेबाने ते मिळू लागले, आणि पुढे इतर इलाख्यांतही ही सोय झाली. पोस्टमास्तर जसे कार्ड द्यायचे, तशीच औषधाची पुडीही द्यायचे!

ही पुडी आली कुठून? ती आली दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीतून. त्या झाडाची, आणि त्याच मुलखातल्या एका वेलीची हकिगत आज सांगायची आहे. या दोन्हींना आधी ओळखणारी माणसे कोण होती, आणि त्यांचे पुढे काय झाले, हेही त्या ओघात पाहू.

शिक्षक मंडळींनी वर्गात जगाचा नकाशा टांगला, तर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागून वरपासून खालपर्यंत गेलेली डोंगरांची एक लांबच लांब रांग मुलांना चटकन दिसेल. ती अँडीज पर्वताची रांग. आपल्या सह्याद्रीसारखीच ती किनाऱ्याच्या अंगाने जाते; पण उंची विचाराल, तर कळसूबाईवर कळसूबाई अशा चार रचल्या तरी तिचे सर्वांत उंच शिखर वर उरेल. या डोंगराची पूर्वेकडची उतरण ढगात भिजलेल्या दाट रानाची आहे, आणि ती उतरत उतरत अमेझॉन नदीच्या अफाट अरण्याला मिळते. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर, कोलंबिया हे देश या पट्ट्यात येतात. त्या ओल्या उतरणीवर सिंकोनाची झाडे होतात. तिथले मूळ रहिवासी या झाडाची साल कुटून पीत, आणि अंगाचा थरकाप थांबवण्यासाठी तिचा उपयोग करीत, असे जुन्या नोंदींवरून मानले जाते. सतराव्या शतकात तिथल्या जेझुइट पाद्र्यांनी ही साल रोमला नेली. त्या काळी रोमच्या आसपास दलदल होती आणि हिवतापाने माणसे पटापट मरत. साल लागू पडली आणि युरोपभर तिचा बोलबाला झाला.

पण नाव कोणाचे झाले पाहा. अशी एक गोष्ट पसरली, की पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची बायको, म्हणजे चिंचोनची काउंटेस, तापाने अंथरुणाला खिळली होती. ती या सालीने बरी झाली आणि तिनेच हे औषध युरोपात आणले. लिनियस या थोर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७४२ साली त्या बाईसाहेबांच्या स्मरणार्थ झाडाला नाव दिले. त्यातही स्पेलिंगमधले एक अक्षर गळले, आणि चिंचोनचे सिंकोना झाले. पुढे अभ्यासकांनी कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कारभाराच्या रोजनिशीत बाईसाहेबांच्या अशा आजाराचा पत्ताच लागला नाही. म्हणजे जी बाई त्या तापाने आजारीच पडली नव्हती, तिचे नाव झाडाला; आणि ज्या डोंगरी माणसाने ती साल पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातावर ठेवली, त्याचे नाव कुठल्याच कागदावर नाही!

पुढे १८२० साली पॅरिसमध्ये पेल्टिए आणि काव्हाँतू या दोघांनी सालीतले कडू सत्त्व वेगळे काढले. तेच क्विनाइन. आता ते तोलून मापून देता येऊ लागले. उष्ण देशांत राज्य करणाऱ्या इंग्रज आणि डच सरकारांना ते हवेच होते, कारण त्यांची पलटणे तापाने झिजत होती. पण साल विकत घेण्यापेक्षा झाडच उचलून आपल्या ताब्यातल्या मुलखात लावावे, हा विचार त्यांनी केला. तिकडच्या सरकारांचा अर्थातच याला विरोध होता. तरीही १८६० साली क्लेमंट्स मार्कहॅम या इंग्रज गृहस्थाच्या देखरेखीखाली मोहीम निघाली. तिच्यातला एक गट इक्वेडोरमध्ये चिंबोराझो पर्वताच्या उतारावर गेला. त्या गटाचा मुख्य होता रिचर्ड स्प्रूस नावाचा वनस्पती गोळा करणारा शोधक. याचे नाव लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे. त्याने आणि रॉबर्ट क्रॉस या माळ्याने मिळवलेली तांबड्या सालीच्या जातीची रोपे आणि बी निलगिरीत उटकमंडला पोचले आणि तिथे चांगले रुजले. आपल्याकडे महाबळेश्वराजवळ लिंगमळ्यालाही सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. ती मात्र साधली नाही. लिंगमळ्याचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते.

निलगिरीची झाडे जगली खरी, पण त्यांच्या सालीत क्विनाइनचा अंश बेताचाच होता. सर्वांत कसदार जात बोलिव्हियाच्या रानात होती, आणि ती ओळखणारा माणूस होता मान्युएल इन्क्रा मामानी. हा तिथला मूळ रहिवासी. साल काढण्याचे काम करणारा, चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी असलेला. रानातल्या शंभर झाडांतून कसदार झाड कोणते, हे त्याला पाहताच कळे. लेजरने त्याला त्या झाडाचे बी आणायला सांगितले. ऐकायला काम सोपे. पण वर्षामागून वर्ष थंडीच्या कडाक्याने मोहोर जळत गेला आणि बी धरेचना. मामानी वाट पाहत राहिला. अखेर चार वर्षांनी, १८६५ साली, तो डोंगर तुडवीत आला आणि त्याने बी लेजरच्या हवाली केले.

लेजरने ते लंडनला आपल्या भावाकडे पाठवले. इंग्रज सरकारने घेतले नाही. डच सरकारने त्यातले पौंडभर बी मामुली किमतीला विकत घेतले आणि जावा बेटावर लावले. उरलेल्यातले थोडे हिंदुस्थानातल्या एका मळेवाल्याने घेतले. जावातली झाडे मोठी झाली तेव्हा सालीची परीक्षा झाली, आणि परीक्षा करणारे चकित झाले. काही झाडांच्या सालीत शंभर भागांत तेरा भागांपर्यंत क्विनाइन! १९३० च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या क्विनाइनपैकी नऊ-दशांशाहून अधिक माल जावातून येत होता. त्या कसदार जातीला नाव मिळाले सिंकोना लेजरियाना. लेजरसाहेबालाही उतारवयात डच सरकारने छोटीशी पेन्शन दिली.

आणि मामानीचे काय झाले? १८७१ साली तो पुन्हा बी गोळा करायला गेला. कोरोइको नावाच्या गावी अंमलदारांनी त्याला पकडले, कोठडीत टाकले, बी कोणासाठी नेतोस म्हणून मारहाण केली. सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला. हे आपल्याला कळते तेही लेजरने लिहून ठेवले म्हणून. त्याच्या देशाच्या लेखी तो चोर ठरला, आणि परदेशाच्या लेखी तो कोणीच नव्हता. दोष एकट्या लेजरचाही नाही. पण ज्या माणसाच्या डोळ्यांनी ते झाड हेरले, तो बिचारा हिशेबात कुठेच नाही, ही गोष्ट मनाला लागते.

मामानीसारखे जाणते तिथे पुष्कळ होते. बोलिव्हियात तितिकाका सरोवराच्या उत्तरेला चाराझानी आणि कुर्वा या गावांच्या बाजूला कल्लावाया नावाचे वैद्य राहतात. आपल्याकडे खांद्यावर झोळी टाकून मुळ्या-पाले घेऊन वैदू गावोगाव हिंडत, तसेच हे लोक. पाठीवर विणलेली पिशवी, तिच्यात वाळवलेल्या वनस्पती, आणि शेकडो कोसांची पायपीट. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते, आणि औषधोपचारापुरती त्यांची एक वेगळी गुप्त भाषाही आहे. सुमारे ९८० वनस्पतींची माहिती त्यांच्या परंपरेत आहे, असे युनेस्कोच्या नोंदीत दिले आहे. २००३ साली युनेस्कोने ही परंपरा मानवजातीचा ठेवा म्हणून जाहीर केली. कल्लावायाच्या लेखी रोग म्हणजे नुसते शरीराचे दुखणे नव्हे. घर, शेत, डोंगर आणि माणूस यांचे काही बिनसले, की आजार येतो. म्हणून तो औषधही देतो आणि डोंगराला नैवेद्यही ठेवतो.

आता डोंगर उतरून खाली अमेझॉनच्या अरण्यात जाऊ. मघाचा स्प्रूस इथे पुन्हा भेटतो. निलगिरीला सिंकोना पाठवण्याच्या आठ वर्षे आधी, १८५२ साली, तो ब्राझीलमध्ये वाउपेस नदीच्या काठी एका उत्सवाला हजर होता. तिथल्या लोकांनी त्याच्यापुढे एका वेलीचा कडू काढा ठेवला. स्प्रूसने थोडा चाखला, आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्या वेलीचे नमुने गोळा करून तिची शास्त्रीय नोंद केली. तिकडच्या क्वेचुआ भाषेत या वेलीला आयावास्का म्हणतात. 'आया' म्हणजे मृत माणसाचा जीव आणि 'वास्का' म्हणजे दोरी. स्प्रूसने इंग्लंडला धाडलेल्या वेलीच्या तुकड्यांची रासायनिक तपासणी शंभराहून जास्त वर्षांनी झाली, आणि तेव्हाही त्यांतले सत्त्व टिकून होते!

या काढ्यात एक मोठी कारागिरी आहे. तो सहसा दोन वनस्पतींचा करतात. एक ही वेल, आणि दुसरे चाक्रुना नावाच्या, कॉफीच्याच कुळातल्या झुडपाचे पान. पानात जे द्रव्य असते ते एरवी नुसते पोटात गेले तर पचनातच मोडून जाते आणि त्याचा काही परिणाम होत नाही. वेलीतली द्रव्ये ती मोडतोड थांबवतात, म्हणून पानातले द्रव्य मेंदूपर्यंत पोचते आणि माणसाला डोळे मिटूनही चित्रे दिसू लागतात. हजारो झाडांच्या रानातून नेमकी ही जोडी रानातल्या लोकांनी हेरली, आणि तीही प्रयोगशाळेशिवाय. आणखी एक गंमत सांगतो. १९२३ साली एका शास्त्रज्ञाने वेलीतले सत्त्व काढले आणि त्याला 'टेलिपॅथिन' असे भारदस्त नाव दिले. पाच वर्षांनी कळले, की ते सत्त्व नवे नाहीच. आपल्याकडे धुरीसाठी वापरतात त्या हरमलच्या बियांत सापडणारे हार्मिनच ते!

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हल्ली परदेशी माणसे एक-दोन आठवडे अमेझॉनच्या रानात किंवा अँडीजच्या खोऱ्यात जाऊन राहतात आणि अशी औषधे घेतात. त्यासाठी तिथे खास निवासस्थाने निघाली आहेत. पण रानातल्या लोकांची मूळ चाल निराळी होती. पेरूमध्ये उकायाली नदीच्या काठी शिपिबो लोक राहतात. त्यांच्याकडे ज्याला वैद्य व्हायचे असेल तो गावापासून दूर झोपडीत एकांतात राहतो. याला ते 'दिएता' म्हणतात, म्हणजे पथ्य. भाजलेली केळी आणि मासा, तेही अळणी. मीठ नाही, तिखट नाही, साखर नाही, डुकराचे मांस नाही, दारू नाही, आणि जोडीदाराचा सहवास नाही. असे आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने. एकेका वनस्पतीला गुरू मानून तिची ओळख करून घ्यायची आणि तिच्याकडून गाणी मिळवायची. या गाण्यांना 'इकारो' म्हणतात. रोग्याशेजारी बसून वैद्य अंधारात ही गाणी म्हणतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पुष्कळ ठिकाणी काढा वैद्य स्वतः घेत असे, रोगी नव्हे. रोग्याचे दुखणे कळावे म्हणून वैद्याने कष्ट सोसायचे, अशी ती रीत होती. काढा घेतल्यावर ओकाऱ्या होतात, म्हणून त्याला 'पुर्गा', म्हणजे शरीर झाडून काढणारे, असेही म्हणतात. आपल्या पंचकर्मातले वमन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

बाहेरच्या जगाला या काढ्याची गोडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागली. पेरूमधल्या इकितोस शहराला बाहेरून रस्ता नाही, बोटीने किंवा विमानानेच जावे लागते. तरी १९९० नंतर तिथे परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. कोणी मनाचे दुखणे घेऊन येतो, कोणी व्यसन सोडायला, कोणी नुसत्या कुतूहलाने. निवास, जेवण आणि रात्रीचे विधी मिळून डॉलरमध्ये आकार. यातून रानातल्या काही कुटुंबांना मिळकत झाली, आणि जी विद्या पोरे विसरू लागली होती ती शिकायला काही तरुण पुन्हा बसले. हे चांगलेच झाले. पण दुसरी बाजूही आहे. चार दिवस शिकून स्वतःला वैद्य म्हणवणारे निघाले. बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. मनाच्या आजारावरची काही औषधे चालू असताना हा काढा घेतला तर जिवावर बेतू शकते. हृदयाच्या रोग्यालाही तो धोक्याचा. अशा निवासांत काही माणसे दगावलीही आहेत. श्रोत्यांपैकी कोणाला मोह झाला तर आधीच सांगतो, या काढ्यातले मुख्य द्रव्य आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते.

आणि मामानीची आठवण करून देणारी गोष्टही तिथे घडली. २०१८ सालच्या एप्रिलमध्ये शिपिबो लोकांच्या एक्याऐंशी वर्षांच्या नामांकित वैद्य ओलिविया अरेवालो यांना त्यांच्याच वस्तीत गोळ्या घालून मारण्यात आले. पारंपरिक गाण्यांचा मोठा साठा त्यांच्यापाशी होता. गावकऱ्यांचा संशय औषधासाठी आलेल्या एका कॅनेडियन माणसावर गेला आणि जमावाने त्यालाही ठार केले. एक म्हातारी गेली, तिच्याबरोबर न लिहिलेली विद्या गेली, आणि चौकशीविना आणखी एक जीव गेला. विद्येचा बाजार झाला की भार कोणावर पडतो, हे यावरून दिसते.

झाड देशाबाहेर गेले, मग माणसे बाहेरून आली. आता तिसरी तऱ्हा ऐका. १९८६ साली एका अमेरिकन गृहस्थाने इक्वेडोरमधून नेलेल्या आयावास्काच्या एका वेलीवर अमेरिकेत पेटंट मिळवले. अमेझॉनच्या आदिवासींच्या संघटनेला याचा सुगावा लागला तो १९९४ साली. त्यांनी तक्रार केली, की आमच्या पूजेची वेल कोणा एकाची कशी होईल? १९९९ साली पेटंट रद्द झाले. पण कशाच्या जोरावर? रानातले लोक पिढ्यान्‌पिढ्या ही वेल वापरतात, या कारणावर नव्हे. शिकागोच्या संग्रहालयात त्याच वेलीची वाळवलेली, कागदावर डकवलेली पाने आधीपासून होती, म्हणून! पुढे २००१ साली ते पेटंट पुन्हा बहाल झाले, आणि २००३ साली मुदत संपून सुटले.

अगदी याच सुमारास आपल्याकडे हळदीचे प्रकरण झाले. जखमेवर हळद लावावी हे आपल्या आजीला ठाऊक. पण १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेल गावचा हा सुपुत्र. परिषदेने हरकत घेतली, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली एका वैद्यकीय मासिकात छापलेला लेख असे पुरावे पुढे मांडले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. आपण जिंकलो, कारण आपल्यापाशी कागद होता. अमेझॉनच्या लोकांपाशी गाणी होती. गाण्यांना कचेरीत साक्षीदार कोण मानतो?

यातून पेरू देश शहाणा झाला. त्याने २००२ साली आदिवासींच्या सामूहिक ज्ञानासाठी कायदा केला, आणि २००८ साली अमेझॉनच्या मूळ रहिवाशांचे आयावास्काविषयीचे ज्ञान राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. सिंकोनाचे झाड तर पेरूच्या राजमुद्रेवर १८२५ पासूनच आहे. आपल्याकडेही २००२ साली जैवविविधता कायदा झाला. गावात कोणत्या वनस्पती होतात आणि त्यांचा उपयोग कोण कसा करते, याची 'लोकजैवविविधता नोंदवही' गावागावात ठेवण्याची तरतूद त्यानुसार झाली.

शिक्षक बंधुभगिनींनो, या नोंदवहीविषयी एक विनंती करून थांबतो. आपल्या गावात एखादी म्हातारी कावीळ उतरवण्याचा पाला ओळखत असेल, एखादा धनगर जनावराच्या पोटफुगीवरची मुळी जाणत असेल. ते औषध खरोखर गुणकारी आहे की नाही, ते डॉक्टर आणि शास्त्रज्ञ पारखतील. तुमचे काम नोंद करण्याचे. आणि नोंद करताना फक्त वनस्पतीचे नाव लिहून वही मिटू नका. सांगणाराला विचारून, त्याची इच्छा असेल तेवढेच लिहा, आणि त्याच ओळीत त्याचे किंवा तिचे नाव लिहा, गाव लिहा, तारीख घाला. मुलांना बरोबर न्या. मामानीने चार वर्षे रानात काढली, आणि झाडाला नाव लेजरचे मिळाले. आपल्या गावच्या वहीत तरी तसे होऊ नये, एवढे सांगून आपली रजा घेतो.